प्रॅक्टिकलचे मार्क कुठे कापले, ते दाखवा

माझी भाची बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, केमिस्ट्रीला. थिअरी चांगली गेली, पण प्रॅक्टिकलने तिचा ग्रेड खाली ओढला. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण हे एकाच कॉलेजात चालत असेल असं मला वाटत नाही.

परीक्षेला फेरस अमोनियम सल्फेटचं परमँगनेटशी टायट्रेशन होतं, म्हणजे फेरसच्या द्रावणात परमँगनेट थेंबथेंब सोडायचं आणि क्रिया पूर्ण व्हायला ते किती मिलिलिटर लागलं ते लिहायचं. हिची बॅच दुपारची. तिन्ही रीडिंग ९.८. परीक्षकांचं रीडिंग १०.४ आहे ही बातमी सकाळच्या बॅचकडून आधीच पोचली होती. आजूबाजूच्या टेबलांवर "किती यायला हवं?" अशी कुजबुज झाली आणि बघता बघता सगळ्यांचं १०.४ आलं. हिने ९.८ लिहिलं. नंतर विचारायला गेली तर उत्तर मिळालं, "रीडिंग जुळलं नाही, रिझल्टचे मार्क गेले." बाकीचे मार्क कशाचे गेले, जर्नलचे की तोंडी परीक्षेचे, ते कुणी सांगायला तयार नाही.

"मावशी, मी खोडून १०.४ करायला हवं होतं का गं?" असं तिने मला विचारलं. त्या प्रश्नाचा मला फार राग आला. तिचा नाही, तिच्यावर तो विचारायची वेळ आणणाऱ्यांचा.

मी औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत, काम करते. आमच्याकडे पेन्सिल चालत नाही, व्हाइटनर चालत नाही. आकडा चुकलाच तर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण. अपेक्षेबाहेर निकाल आला की आधी चौकशी होते: द्रावण कधी केलं, पिपेट कोणतं, वजन कुणी केलं. शेजाऱ्याचं रीडिंग बघून आपलं लिहिणाऱ्याची नोकरी जाते. कॉलेजात त्यालाच पैकीच्या पैकी?

आणि ९.८ चुकीचं होतं हे ठरवलं कुणी? फेरसचं द्रावण हवेत राहिलं की त्यातलं फेरस हळूहळू फेरिक होतं, आणि फेरिकला परमँगनेट लागत नाही, म्हणून एकूण परमँगनेट कमी लागतं. त्यात आम्ल कमी पडलं असेल तर हे आणखी लवकर होतं. इथे तसंच झालं असेल असा माझा दावा नाही. पण त्याच बाटलीतलं द्रावण घेऊन परीक्षकांनी तिच्यासमोर एक टायट्रेशन केलं असतं, तर दहा मिनिटांत निकाल लागला असता.

लेखी पेपरचं निदान काहीतरी करता येतं. फोटोकॉपी मागवता येते, पुनर्मूल्यांकनाला टाकता येतो. तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा माहिती अधिकारात विद्यार्थ्याचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. प्रॅक्टिकल आणि इंटर्नलला मात्र बहुतेक ठिकाणी पुनर्मूल्यांकनच नाही. आणि आता कित्येक विषयांत शंभरातले तीस-चाळीस मार्क कॉलेजच्याच हातात असतात.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची ओढाताण मला माहीत आहे. एका दिवसात बॅचमागून बॅच संपवायच्या असतात. पण मी मागतेय ते फार नाही. निरीक्षण, आकडेमोड, रिझल्ट, तोंडी, जर्नल असे मार्क वेगवेगळे लिहा आणि विद्यापीठाकडे पाठवण्याआधी मुलांना दाखवा.

ज्यांच्या घरी असं झालंय, त्यांनी तोंडी विनवण्या करत बसू नका. विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, मार्कांची फोड मागा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजसाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, आणि मूल्यमापनातला अन्याय हा तक्रारीचा विषय आहे असं त्या नियमांतच लिहिलंय. समितीने दाद दिली नाही तर वर विद्यापीठाचे लोकपाल आहेत.

आम्ही अर्ज दिलाय. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. "पुढच्या वर्षी याच सरांकडे प्रॅक्टिकल आहे, कशाला वाकड्यात शिरता," असं घरातलेच काही म्हणतायत. भाचीने मात्र समितीकडे द्यायचा अर्जही लिहून ठेवलाय, आणि त्याला जर्नलमधल्या त्या पानाची झेरॉक्स जोडलीय.