अनलिमिटेड नको, चिल्लर काढा!

वाद घालायचा त्यांनी कमेंटमध्ये खुशाल घाला. जुन्या व्हिडिओ गेम्सच्या म्युझियममध्ये एकदा तिकीट काढायचं आणि दिवसभर हवं तितकं खेळायचं, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. मशीनमध्ये नाणं पडलंच पाहिजे.

सॅन फ्रान्सिस्कोत फिशरमन्स वॉर्फजवळ, पिअर ४५ वर म्युझे मेकॅनिक हे नाण्यावर चालणाऱ्या जुन्या मशीन्सचं म्युझियम आहे. आत शिरायला पैसे नाहीत, पण मशीन चालवायचं तर क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, काढा. लाफिंग सॅल नावाची दांडगी बाहुली नाणं पडलं की अशी खदाखदा हसते की लहान पोरं आईला बिलगतात. एका पेटीत चक्क फाशीचा देखावा! दारं उघडतात, कैदी खाली, दारं बंद. काही सेकंदांत खेळ खलास. लोक यासाठीही पैसे मोजायचे. पुढे व्हिडिओ गेम्स आहेतच.

आमच्या भावाचं म्हणणं, "त्यापेक्षा तिकीटवालं बरं ताई, पैसे वसूल होतात." होतात की! अनलिमिटेड थाळीत तिसऱ्या वाटीनंतर बासुंदीची चव लागते का? फुकटच्या मशीनवर पोरं बघा. मेलं की बटण, परत मेलं की परत बटण, मग कंटाळून पुढच्या मशीनकडे. पॅकमॅनची भुतं कुठल्या वळणावर गाठतात, हे बघतो कोण?

हे गेम रचलेच नाण्याभोवती. आतल्या बारक्या स्विचवर मालक ठरवायचा, एका नाण्यात किती लाईफ द्यायच्या. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्स या गेममध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले जोरात सुटतात. प्रोसेसरला कमी आकृत्या काढायच्या राहिल्यामुळे ते आपोआप झालं, आणि गेम बनवणाऱ्या निशिकादोंनी तसंच राहू दिलं. शेवटचा एकटा सुसाट पळतोय आणि खिशात दुसरं नाणं नाही, तेव्हा तळहाताला जो घाम फुटतो तो अनलिमिटेडवाल्याच्या नशिबी नाही.

सनीव्हेलच्या मराठी मंडळींनो, १९७२ साली तुमच्याच गावातल्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या बारमध्ये अटारी या गेम कंपनीने पाँग या गेमचं मशीन ठेवलं होतं. ते बंद पडलं म्हणून अटारीचा इंजिनिअर अ‍ॅलन अल्कॉर्न दुरुस्तीला गेला, तर नाण्यांचा डबा तुडुंब भरलेला! हा बार ज्या रस्त्यावर होता त्याच एल कॅमिनोवरून रोज ऑफिसला जाता ना, मग हे माहीत हवं.

डोंबिवलीच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये 'मुस्तफा' (कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हे खरं नाव कोणाला ठाऊक होतं!) खेळायला दादा रुपया घेऊन जायचा. मुलींनी तिथे उभं राहायची पद्धत नव्हती, मी बाहेरूनच बघायचे. त्यामुळे आता मशीनसमोर उभं राहून माझं स्वतःचं नाणं टाकताना मला जरा जास्तच मजा येते, हेही मान्य.

म्युझे मेकॅनिकला जाणार असाल तर पोरांना कार्ड देऊ नका. प्रत्येकाच्या हातात मोजून क्वार्टर ठेवा आणि 'संपले की संपले' असं आधीच बजावा. सॅलजवळ मात्र धाकट्यांना कडेवर घ्या.