चार रुपयांची टिक् टिक्

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीची मागची भिंत येऊरच्या जंगलाला लागून. बिल्डरने ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणून फ्लॅट विकले. ती कूस केवढी, हे माकडांनी तिसऱ्या मजल्यावरून श्रीखंडाचा डबा पळवला तेव्हा कळलं. झटक्याचं कुंपण घालायचं ठरलं आणि सेक्रेटरी म्हणून ते लचांड माझ्या गळ्यात आलं.

मशीन दहा मिनिटांत ठरलं. १२ व्होल्टची बॅटरी, साधारण सेकंदाला एक ठोका, काही हजार व्होल्टचा पण निमिषभराचा. घाम फोडला तो इन्सुलेटरने. तार लोखंडी खांबाला टेकू नये म्हणून मधे बसवायचा हा बोटभर प्लॅस्टिकचा तुकडा. खांब ४०, तारा ५, म्हणजे २०० तुकडे.

वायरमन म्हणाला, “काळे घ्या साहेब, उन्हाला टिकतात. कोपऱ्यांवर ताण असतो, तिथं चिनी मातीचे.”

खजिनदारांनी कॅल्क्युलेटर काढला. काळा १२ रुपये, पांढरा ८. “आठशे वाचले!” कमिटीने टाळ्या वाजवल्या. (टाळ्यांना खर्च नसतो.)

दुसऱ्या मे महिन्यात एक पांढरा सहज दाबून पाहिला, तर पोह्याच्या पापडासारखा मोडला. मग पाऊस आला. तारा खांबांना टेकल्या, ठिणग्या उडू लागल्या आणि तळमजल्यावरच्या काकांच्या उशाशी टिक्, टिक्, टिक्. रात्री दोनला इंटरकॉम. “अहो सेक्रेटरी, तुमचं घड्याळ बंद करा!”

गळती शोधायला वायरमनने काकांचाच जुना ट्रान्झिस्टर मागितला. मिडियम वेव्हवर लावून तो भिंतीच्या कडेने चालला. गळती जवळ आली की रेडिओतले ठोके मोठे होत. मागून छत्री धरून काका, “बातम्या लागतायत का बघ रे.” सतरा जागा सापडल्या. त्यातले काही इन्सुलेटर धडधाकट होते, पण त्यांच्यावर मेट्रोच्या कामाची धूळ आणि पाऊस यांचं मस्त पिठलं झालं होतं. वीज त्यावरूनच खांबात उतरत होती.

“हे पुसायचे असतात?” मी विचारलं. दात घासायचे असतात का, असं विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून रविवारी फडकं आणि मी. एका रविवारी मशीन बंद करायला विसरलो. खांद्यापर्यंत सणसणीत लाथ बसली. बायको म्हणाली, “म्हणजे चालतंय. पैसे वाया नाही गेले.”

आता सगळे काळे आहेत, कोपऱ्यांवर चिनी मातीचे. परवा एक माकड जांभळाच्या फांदीवरून थेट वरच्या तारेवर उतरलं आणि निवांत बसलं. वायरमनला फोन केला. “त्याचे पाय जमिनीला कुठं लागतायत साहेब? वीज जमिनीतून परत फिरेल तेव्हा झटका. फांदी छाटा.”

फांदीला महापालिकेची परवानगी हवी, १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे. अर्ज लिहायला बसलोय. माकड तारेवरून बघतंय.