जर्मनीत सरकार बाई पाठवत नाही

"तुमच्याकडे बरं आहे, म्हाताऱ्यांच्या घरी सरकारच माणूस पाठवतं." मायदेशातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हे हमखास ऐकू येतं. निदान जर्मनीत तरी तसं काही नाही. इथे 1995 पासून सक्तीचा शुश्रूषा विमा आहे. 2025 पासून त्याचा हप्ता पगाराच्या 3.6 टक्के आहे, मूलबाळ नसेल तर 4.2. विम्याचा तपासनीस घरी येऊन माणसाला किती मदत लागते त्याचे गुण देतो आणि त्यावरून 1 ते 5 पैकी गरजेची पायरी ठरते. घरकामासारख्या मदतीसाठी महिना 131 युरो मिळतात, तेही राज्याची मान्यता असलेल्या सेवेचं बिल दाखवलं तर. अशा सेवेचा तास बऱ्याच ठिकाणी 35-40 युरोंना पडतो. म्हणजे महिन्याला साडेतीन तास झाडूपोछा, आणि त्यालाही प्रतीक्षायादी. न वापरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या 30 जूनला बुडतात.

कौतुक करायचंच तर 'मिनीजॉब'चं, म्हणजे छोट्या पगाराच्या कामाच्या सोप्या नोंदणीचं करावं. 2026 मध्ये महिना 603 युरोंपर्यंतच्या कामाला हा प्रकार लागू आहे. ज्याच्या घरी काम, तो एकच फॉर्म भरतो: बाईचं नाव, विमा क्रमांक, पगार. पेन्शन, आरोग्य, अपघात, कर मिळून पगारावर सुमारे 15 टक्के द्यावे लागतात, आणि ते वर्षातून दोनदा, जुलै आणि जानेवारीअखेर, खात्यातून आपोआप वळते होतात. आठवड्याला 3 तास, ताशी 15 युरो धरले तर वर्षाचा पगार 2,340 होतो, वरचे धरून सुमारे 2,700. याच्या 20 टक्के, पण जास्तीत जास्त 510 युरो, प्राप्तिकरातून थेट वजा होतात. म्हणजे वरचे 15 टक्के भरूनही हातात काही उरतं. बाई आजारी पडली तर सहा आठवड्यांपर्यंत पगार द्यावा लागतो, पण अर्ज केल्यास त्याचे 80 टक्के परत मिळतात. "खाड्याचे पैसे का द्यायचे?" हा आपल्याकडचा वाद इथे त्यामुळेच फारसा पेटत नाही. (एवढं असूनही बरंचसं घरकाम इथे बिननोंदणीच चालतं. फॉर्म सोपा असला, तरी तो भरावा लागतोच.)

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा 2008 चा कायदा आहे. पण त्यात नोंदणीसाठी खेटे घालायचे ते बाईने. काम देणाऱ्यावर नोंदणीची सक्ती नाही. त्याने दिलेल्या पगारावर प्राप्तिकरात सवलतही नाही. मग चार घरची धुणीभांडी करणारीचा मालक नेमका कोण, हे कागदावर येणार कसं?

यंत्रणा नाही म्हणावं, तर तसंही नाही. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या फाटकावर प्रत्येक बाईचा फोटो, फोन नंबर, येण्या-जाण्याची वेळ आणि ती कोणत्या फ्लॅटमध्ये जाते याची नोंद असते. ती चोरीच्या संशयापोटी ठेवलेली. त्याच नोंदीत पगार आणि पगारी रजेचा एकेक रकाना वाढवायला मंडळाची वाट पाहायची गरज नाही.