पालकांनी एकेरीच पाठवावी

‘काही पालकांनी दुहेरी जास्वंद पाठवली आहे. तिचा प्रात्यक्षिकाला उपयोग होत नाही. पालकांनी कृपया आधी पाठ वाचावा.’

परवा रात्री दहावी ‘ब’च्या ग्रुपवर हा मेसेज पडला. काही पालक म्हणजे एकटा मी, हे अख्ख्या ग्रुपला ठाऊक. सकाळी शाळेच्या फाटकाशी लेकीच्या हातात, ओल्या रुमालात गुंडाळलेलं ते वाटीएवढं फूल सगळ्यांनी पाहिलं होतं. मेसेजखाली लगेच अंगठे उमटले. एकाने तर हात जोडले. हात जोडण्यासारखं त्यात काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

मुळात ‘उद्या प्रत्येकाने जास्वंद आणावी’ हा हुकूमच आदल्या रात्री जेवणं उरकल्यावर आला. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, पण त्यातल्या एकाही रस्त्यावर त्या वेळी जास्वंद मिळत नाही. झेंडू मिळेल, शेवंती मिळेल. जास्वंदीचं फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं, ते विकायला कोण ठेवणार?

आमच्या गल्लीत जास्वंद एकाच घरी, आक्कांकडे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, तेव्हाही आक्कांनी भांडी विसळलेलं पाणी घालून हे झाड जगवलं. त्यामुळे त्या झाडावरचा त्यांचा हक्क सातबाऱ्याच्याही वरचा. कळ्यासुद्धा मोजलेल्या असतात. गेल्या वर्षी आम्ल की आम्लारी हे रंगावरून सांगणारा नैसर्गिक दर्शक करायचा म्हणून मी ओंजळभर फुलं नेली होती. पाकळ्या उकळायच्या, त्या पाण्यात साबण घातला की हिरवं, लिंबू पिळलं की गडद गुलाबी. प्रयोग छान झाला. आक्कांच्या वहीत ती फुलं अजून येणे बाकी आहेत.

उजाडायच्या आत गेलो. आक्का परडी घेऊन झाडाशीच.

“काय करलालास रे तिथं?”

मी फाटकाबाहेर होतो आणि दोन्ही हात खिशात होते.

“आक्का, एक फूल पाहिजे होतं. पोरीच्या शाळेत.”

“शाळेत गणपती बसिवला का आत्ताच?”

“नाही, विज्ञानाला.”

“इज्ञानाला फूल कामून लागतंय?”

“कापून बघतात.”

आक्कांनी परडी ओट्यावर ठेवली. “देवाचं फूल कापून बघतेत? काय बघतेत कापून?”

एवढ्यात दूधवाला आला. एरवी हा माणूस गाडी चालू ठेवूनच माप ओततो. त्या दिवशी त्याने गाडी बंद केली, स्टँडवर लावली आणि कॅनला टेकून उभा राहिला. पाठाचं नाव ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’, मुद्द्याचं नाव लैंगिक प्रजनन. ओले केस पाठीवर सोडलेल्या सत्तरीच्या बाईला, फाटकात उभं राहून, दूधवाल्याच्या साक्षीने हे कसं सांगायचं, ते कुठल्या पालकसभेत शिकवत नाहीत.

“फुलाचे भाग बघतात, आक्का. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग.”

जड शब्द टाकले की समोरचा गप्प होतो, हा माझा ऑफिसातला अनुभव. आक्का त्यातल्या नव्हेत.

“ते पुमंग काय अस्तंय?”

“नर भाग.” मी आवाज उतरवला.

“अन् दुसरं?”

“मादी.” आणखी उतरवला.

“आगं माय! ऐकलास का रे,” आक्का दूधवाल्याकडे वळून, बहुतेक औसा रोडपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ह्या जास्वंदीत नर बी हाय अन् मादी बी हाय म्हणं!”

समोरच्या घराची खिडकी उघडली.

“एकाच फुलात?” दूधवाल्याने मला अगदी मनापासून विचारलं. मी मान हलवली. “बरंय की मग. लग्नाचा खर्च न्हाई.”

आक्का मात्र हसल्या नाहीत. विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “मग लेकरं कुठायत?”

“कुणाची?”

“जास्वंदीची. नर हाय, मादी हाय, मग बी कुठाय? ह्या घरात सून म्हणून आले तवापासून ह्या झाडाला एक फळ धरल्यालं बघितलं न्हाई. फांदी खोचली तरच लागतंय. ज्याला बी धरत न्हाई, त्येच्यावर पोरांना लेकरं व्हायचं शिकिवतेत व्हय?”

आता यावर काय बोलणार? आपल्या अंगणातल्या जास्वंदीला सहसा फळ धरत नाही, ती फांद्यांवरच वाढते, हे खरंच आहे. आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरं तिचाच अंडाशय उभा कापून सजीवांचं पुनरुत्पादन शिकत आली आहेत. मलेशियाने १९६० साली हिला राष्ट्रीय फूल केलं, तेव्हा त्या बैठकीत आक्का नव्हत्या म्हणून निभावलं.

“भेंडीचं फूल न्या म्हणावं तुमच्या बाईला. असंच अस्तंय. कापसाचं न्या, अंबाडीचं न्या. बोंड तरी धरतंय त्येला.”

घरी येऊन पाहिलं. भेंडी, कापूस, अंबाडी, जास्वंद, सगळी एकाच कुळातली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने दूध येईपर्यंत अख्खं कूळ मांडून दाखवलं, आणि ‘आधी पाठ वाचावा’ हे ऐकायचं मी.

शेवटी फूल मिळालं. एकेरी लाल सगळी गणपतीची, त्यांना हात लावायचा नाही. “ही घे, दुहेरी. मोठी हाय, शाळेत शोभंल.” दुहेरीत पुंकेसरांच्याच, म्हणजे नर भागाच्याच, पाकळ्या झालेल्या असतात. म्हणजे जे दाखवायचं, तेच नेमकं गायब. एकेरीचं कसं, पाच पाकळ्या, मधून निघालेली लांब नळी, तिच्यावर पिवळे परागकोश आणि टोकाला मखमलीचे पाच लाल ठिपके, म्हणजे कुक्षी, मादी भागाचं टोक. पण एकेरी गणपतीची होती, आणि गणपतीशी वाद घालून लेकीला दहावीत बसवण्याची माझी तयारी नाही.

बरं, फूल पाहिलं तरी कुणी? लेक म्हणते, मॅडमनी एक फूल हातात धरून उभं कापलं आणि पहिल्या बाकाला दाखवलं. ती तिसऱ्या बाकावर. तिला मॅडमचा अंगठा दिसला. आकृती सगळ्यांनी गाईडातून उतरवली आणि सही मिळाली. सूक्ष्मदर्शक एकच आहे आणि त्याची खोळ फक्त तपासणीला साहेब आले की निघते. फॉर्मॅलिनच्या बरणीतल्या सापावरची चिठ्ठी गळून पडलीय, तो कुठला साप हे आता कुणालाच ठाऊक नाही. विज्ञानाच्या १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे, त्यांचं सगळं सामान आमच्या घरून. मागे कोंबासाठी, नव्हे, मुळांसाठी कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेवला होता. पेशीविभाजन बघायचं होतं. चांगली पांढरी मुळं फुटली, आणि आईने तो पिठल्यात घातला. हीच शाळा पालकसभेत बजावते की नीटच्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, तेव्हा पाया आत्ताच पक्का करा. पक्का करतोच आहोत. कांदाही आमचा, फूलही आमचं, आणि ग्रुपवरचा मेसेजही आम्हालाच.

“मग आपल्या फुलाचं काय केलं?” मी विचारलं.

“सरस्वतीच्या फोटोला वाहिलं. मॅडम म्हणाल्या, छान आहे.”

पुढच्या आठवड्यात ताक आहे. थेंबभर ताक काचपट्टीवर पसरायचं, मेथिलीन ब्ल्यू घालायचं आणि त्यातले लॅक्टोबॅसिलाय बघायचे. पिशवीतलं चालणार नाही, घरचंच हवं, असं आत्ताच ग्रुपवर आलंय. गल्लीत घरचं ताक फक्त आक्कांकडे. ताकात काय बघतेत, हे त्या विचारणारच, आणि त्यांच्या ताकात जंतू आहेत हे कुणाला तरी फाटकात उभं राहून सांगावं लागणार. या वेळी बायकोने जायचं, असं मी ठरवलंय. तिला अजून कळवलेलं नाही.