पोथी सर्व्हरची, फलश्रुती आधी

कुठल्याही पोथीत फलश्रुती शेवटी येते. आधी अध्याय संपवायचे, मग धनधान्य आणि पुत्रपौत्र. स्मॉल बिझनेस सर्व्हर म्हणजे छोट्या ऑफिसचा सगळा कारभार सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. त्यावरच्या जाडजूड मार्गदर्शक पुस्तकांत हा क्रम उलटा असतो. पहिली साठ-सत्तर पानं नुसती फलश्रुती: धंदा वाढेल, खर्च घटेल, माणसं घरी बसून काम करतील. जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी उभे असाल तर एवढी पानं चिमटीत धरा, बाजूला सारा आणि उरलेली जाडी बघा. पुस्तक तेवढंच.

एवढी चिकित्सा कशाला, असं वाटेल. पण हे पुस्तक उघडलं जातं ते सर्व्हर बंद पडल्यावर, साहेब खुर्चीमागे उभे असताना. अशा वेळी "अहो, अजून किती वेळ?" याचं उत्तर कुठलंच पुस्तक देत नाही. निदान पानं उलटताना आपण काहीतरी करतोय असं मागून दिसतं, हा पुस्तकाचा पहिला उपयोग. म्हणून पुस्तक कागदाचंच हवं. पीडीएफ लोकांनी हौसेने उतरवून घेतलेली असते, आणि ती सर्व्हरवरच ठेवलेली असते.

१९९७ साली आलेला आणि २०११ च्या आवृत्तीनंतर मायक्रोसॉफ्टने गुंडाळलेला हा सर्व्हर म्हणजे एकत्र कुटुंब. आमचा जीव अडकलाय तो २००३ च्या आवृत्तीत. युजरची खाती, डीएनएस (नावावरून यंत्राचा पत्ता शोधणारी सेवा), डीएचसीपी (प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कचा पत्ता वाटणारी सेवा), एक्स्चेंज या मेलच्या सॉफ्टवेअरवरची मेल, शेअरपॉइंटची अंतर्गत वेबसाइट, फाइली, प्रिंटर, फॅक्स, सगळं एकाच यंत्रावर. प्रीमियम घेतलं तर फायरवॉल (बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा पहारेकरी) आणि एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेसही त्याच्याच डोक्यावर. मोठ्या कंपनीत यातल्या प्रत्येक कामाला वेगळं यंत्र आणि वेगळा माणूस असतो. इथे ७५ माणसांचा स्वयंपाक एकटी थोरली सून करते, आणि तिच्यावर देखरेख करायला ऑफिसात ज्याला एक्सेलचं पिव्होट टेबल जमतं त्याला बसवतात.

या सुनेचा मानही सांभाळावा लागतो. ऑफिसचे एकत्र जोडलेले कॉम्प्युटर आणि युजर म्हणजे डोमेन, आणि त्यांची खाती-पासवर्ड तपासणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. घरात दुसरा डोमेन कंट्रोलर आणायला तिची हरकत नाही, पण तो तिच्याच जातीचा, म्हणजे स्मॉल बिझनेस सर्व्हर नको, आणि डोमेनची पाचही अधिकारपदं तिच्याकडेच हवीत. ती काढून घेतलीत तर सात दिवस, अपडेट टाकलं असेल तर एकवीस दिवस, वाट बघते. मग तासातासाला स्वतःला बंद करून घेते. हा स्वभाव ज्या पुस्तकात लिहिलेला नाही, ते पुस्तक साध्या विंडोज सर्व्हरच्या पुस्तकाला नवीन वेष्टन घालून विकायला ठेवलंय असं खुशाल समजा.

खरी परीक्षा इथूनच सुरू होते. या सर्व्हरची वाट अडाणी माणसापेक्षा जाणकार माणूस जास्त लावतो. ज्याने मोठ्या कंपनीत सर्व्हर सांभाळलेत त्याला विझार्ड, म्हणजे एकेक पडदा दाखवत सगळं बसवून देणारा मदतनीस, पोरखेळ वाटतो. तो बाह्या सरसावून डीएचसीपी हाताने बसवतो, डीएनएस हाताने भरतो, फायरवॉलला हाताने भोकं पाडतो. मग कोणीतरी 'कनेक्ट टू द इंटरनेट' हा विझार्ड चालवतं आणि बहाद्दराची दिवसभराची कलाकुसर पाच मिनिटांत पुसली जाते. चांगलं पुस्तक सांगतं की इन्स्टॉल झाल्यावर समोर येणारी टू डू लिस्ट आहे त्या क्रमानेच करायची: आधी इंटरनेट, मग बाहेरून प्रवेश, अॅक्टिव्हेशन, लायसन्स, मग प्रिंटर, युजर आणि शेवटी बॅकअप. गडबड झालीच तर तोच विझार्ड पुन्हा चालवायचा. प्रत्येक पडद्याचं चित्र छापून खाली 'नेक्स्टवर क्लिक करा' लिहिणारी पुस्तकं आम्हाला वर्ज्य. नेक्स्ट कुठे आहे ते आम्हालाही दिसतं. शेवटच्या पडद्यावरच्या 'हिअर' या बारीक शब्दावर क्लिक केलं की काय काय बसवलं त्याची यादी जपून ठेवता येते, हे सांगणारं पुस्तक मात्र घ्यावं. विझार्ड अडखळला तर सपोर्ट फोल्डरमधली आयसीडब्ल्यूलॉग नावाची फाइल उघडा, हे सांगणारं पुस्तक घासाघीस न करता घ्यावं.

मग सूची उघडायची आणि डीएचसीपीपुढे किती पानांचे आकडे आहेत ते बघायचं. एकच आकडा असेल तर पुस्तक खाली ठेवा. का, ते सांगतो.

सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेत असं धरा. बाहेरच्या कार्डाला मोडेम, आतल्याला स्विच, आतला पत्ता १९२.१६८.१६.२. मोडेम बिघडतो. इंटरनेट कंपनीचा पोऱ्या नवा मोडेम घेऊन येतो आणि स्विचला मोकळं भोक दिसतं म्हणून वायर तिथेच खुपसतो. लॅपटॉपवर एक पान उघडून दाखवतो, सही घेतो, जातो. आता नव्या मोडेमच्या पोटातही डीएचसीपी असतं, आणि ते चालूच असतं. स्मॉल बिझनेस सर्व्हरला आपल्या जाळ्यात दुसरा डीएचसीपी दिसला की तो भांडत नाही. आपली डीएचसीपी सेवा बंद करतो, इव्हेंट व्ह्यूअर या सर्व्हरच्या नोंदवहीत १०५३ क्रमांकाची नोंद टाकतो आणि रुसून बसतो. सकाळी जो जो कॉम्प्युटर सुरू होतो त्याला मोडेम १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता वाटतो. गंमत म्हणजे इंटरनेट झकास चालतं! फक्त फाइली दिसत नाहीत, आउटलुक उघडत नाही आणि प्रिंटर सापडत नाही. "नेट चालू आहे म्हणजे नेटवर्क ठीकच आहे, तुमच्या सर्व्हरमध्येच काहीतरी आहे," असा निकाल अकाउंट्सच्या टेबलावरून दुपारच्या चहाआधी लागलेला असतो.

उपाय दहा मिनिटांचा आहे. मोडेमची वायर बाहेरच्या कार्डात, सर्व्हिसेसमध्ये जाऊन डीएचसीपी सर्व्हर सुरू, मग प्रत्येक कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग रिलीज आणि रिन्यू या आज्ञा, म्हणजे जुना पत्ता सुटतो आणि नवा मिळतो. शेवटी आयपीकॉन्फिग ऑल करून डीएनएसच्या ओळीत फक्त १९२.१६८.१६.२ आहे ना ते बघायचं. 'फक्त' या शब्दाखाली रेघ ओढा. "असू द्या जोडीला" म्हणून तिथे इंटरनेट कंपनीचा डीएनएस भरणारे सज्जन भेटतात. त्या बिचाऱ्या बाहेरच्या डीएनएसला आपल्या डोमेनचं नावही ठाऊक नसतं, आणि लॉगऑन होता होता चहा येऊन निवतो. बाहेरचे डीएनएस सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर म्हणून, म्हणजे त्याला स्वतःला ठाऊक नसलेली नावं विचारायला, भरायचे. हे वाक्य ज्या पुस्तकात ठळक अक्षरांत आहे त्याच्या लेखकाने मार खाल्लेला आहे, आणि आम्हाला तसलाच लेखक हवा.

नवा कॉम्प्युटर जोडण्याचंही तसंच. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून डोमेनमध्ये घालता येतो, पण मग तो सर्व्हरच्या ठरलेल्या खणात न पडता भलत्याच खणात पडतो. आधी सर्व्हरवर विझार्डने युजर आणि कॉम्प्युटर तयार करायचा, मग त्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचं नाव आणि पुढे कनेक्टकॉम्प्युटर टाइप करायचं. म्हणजे जुना डेस्कटॉप आणि त्यावरचा नातवाचा फोटोही शाबूत राहतो. एक्सपी होम असेल तर मात्र यातलं काहीच होत नाही, कारण होम डोमेनमध्ये जातच नाही. साहेबांनी दोन पैसे वाचवून दहा यंत्रांवर होम घेतलेलं असतं. ते त्यांना कसं सांगायचं, यावर एकही प्रकरण आमच्या पाहण्यात नाही.

पुस्तक ताजं की शिळं, हे ओळखायला वरची तारीख बघू नका. एक्स्चेंजच्या प्रकरणात मेलच्या साठ्याची मर्यादा काय दिलीय ते बघा. १६ जीबी असेल तर ते ऑक्टोबर २००५ मध्ये आलेल्या एक्स्चेंजच्या सर्व्हिस पॅक २ (सुधारणांचा गठ्ठा) च्या आधीचं. त्यानंतर मर्यादा आपोआप १८ झाली आणि रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीतून, ७५ जीबीपर्यंत नेता येऊ लागली. मर्यादा ओलांडली का, याची तपासणी रोज पहाटे पाच वाजता होते. आधी इशारा मिळतो, पण तो इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, जिथे पहाटे पाचला आणि खरं तर दिवसभरच कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पाचला मेलचं दुकान बंद. तेव्हा कळतं की विक्री विभागाने दिवाळीची भेटकार्डं फोटोसकट अख्ख्या ऑफिसला पाठवली होती. मेल पुसल्याने डिस्कवरची फाइल लहान होत नाही, तिच्यात नुसती पोकळी होते. ती आवळायला एक्स्चेंजचं ईएसईयुटिल हे हत्यार चालवावं लागतं आणि त्याला फाइलच्या ११० टक्के मोकळी जागा लागते. जागा नाही म्हणून आवळायचं, आणि आवळायला जागा हवी.

बॅकअपच्या प्रकरणात आणखी एक खोडी लपलेली असते. हा सर्व्हर नवा असताना एक्स्चेंज जुन्या लॉग फाइली (मेलच्या साठ्यातल्या बदलांच्या नोंदी) स्वतःच पुसत जातं. बॅकअपचा विझार्ड चालवला की हे थांबतं, कारण आता बॅकअप यशस्वी झाला की लॉग पुसले जाणार असतात. छानच. पण बॅकअपची यूएसबी डिस्क कोणीतरी भाच्याच्या लग्नाचं शूटिंग उतरवायला घरी नेतं. बॅकअप फसतो, लॉग साठतात, प्रत्येकी ५ एमबी. महिन्याभरात सी ड्राइव्ह तुडुंब आणि मेल ठप्प. म्हणजे बॅकअप लावलाच नसता तर मेल चालू राहिली असती! पुस्तकात हे कारण दिलंय का बघा. 'बॅकअप नियमित घ्यावा' हे आम्हाला आजीही सांगते.

बॅकअपला चाळीस पानं आणि रिस्टोअरला, म्हणजे बॅकअपवरून सगळं परत उभं करायला, दोन, असं पुस्तक परत ठेवावं. रिस्टोअरला तेच ड्राइव्ह अक्षर लागतं, तोच सर्व्हिस पॅक लागतो, विंडोज बसल्यावर पुढचा सेटअप रद्द करावा लागतो आणि सिस्टिम स्टेट (विंडोजची खाती आणि सेटिंग) परत आणताना जुन्या फाइलींवर नव्या चढवायची परवानगी द्यावी लागते. हे सगळं थरथरत्या हातांनी करायचं असतं. दोन पानांत ते मावत नाही.

उरल्या दोन चिल्लर परीक्षा. सूचीत ४१२५ हा पोर्ट, म्हणजे घरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायला फायरवॉलमध्ये उघडायचं दार, सापडायला हवा. सुरक्षित वेबपानांचा नुसता ४४३ उघडलात तर घरून पान दिसतं, पासवर्ड घेतला जातो, ऑफिसच्या कॉम्प्युटरची यादीही येते, आणि कनेक्ट म्हटलं की काहीच होत नाही. दुसरं, एलआयसीएसटीआर डॉट सीपीए ही फाइल. विकत घेतलेली सगळी लायसन्स तिच्यात असतात. ती खराब झाली की सर्व्हर निरागसपणे मूळच्या पाच लायसन्सवर येतो आणि सहाव्या माणसाला ओळखच देत नाही. या फाइलची प्रत वेगळी ठेवा, असं छापणारा लेखक देवमाणूस.

२००३ च्या आवृत्तीचा आधार १४ जुलै २०१५ ला संपला, त्यामुळे ही पुस्तकं आता फुटपाथवरच मिळतात. तिथे अजून एक सोय आहे. पुस्तक मिटून पानांच्या कडा बघायच्या. सुरुवातीच्या चाळीस पानांपुरत्याच मळल्या असतील तर आधीच्या मालकाने फलश्रुती वाचून नोकरी बदलली. रिस्टोअरपाशी कड काळी पडलेली, चहाचा गोल डाग, समासात पेन्सिलीने 'इथे कॅन्सल!!' लिहिलेलं, असं दिसलं तर ते पान पटकन मिटा, चेहरा पडका ठेवा आणि पुस्तक फार जुनं झालंय म्हणत भाव करा.