‘पंधरा दिवसांत इंग्रजी सत्तर पार’: फिरत्या निरोपाचा मुद्देसूद प्रतिवाद

दहावीची परीक्षा तोंडावर आली की पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, सार तेच. दहावीचं इंग्रजी पंधरा दिवसांत होतं, गुण सत्तर पार जातात. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवा, अपेक्षित प्रश्नसंच घ्या. दहा निबंध आणि दहा पत्रं पाठ करा. व्याकरण पाच-सहा गुणांचं, सोडून द्या. न पाहिलेला उतारा नशिबावर. चौकटी-तक्ते काढत बसू नका, नुसती उत्तरं लिहा. महत्त्वाचे शब्द रंगीत पेनाने उठून दिसू द्या. शंका असेल तिथे दोन्ही उत्तरं लिहून ठेवा. पुरवण्या जोडत राहा, तपासणारा पानं बघतो. आणि काहीही झालं तरी एकही प्रश्न कोरा सोडू नका.

यातलं शेवटचं वाक्य बरोबर आहे. बाकीच्यांपैकी काही चुकीची आहेत, काही थेट गुण घालवणारी. आम्ही मराठी माध्यमाच्या मुलांना हा विषय शिकवतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो आहोत.

आधी एक खुलासा. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं इंग्रजी प्रथम भाषा असतं, मराठी माध्यमाच्या मुलांचं तृतीय भाषा. पुस्तकं वेगळी, कृतिपत्रिकाही (प्रश्नपत्रिकेचं आताचं नाव, तिच्यातले प्रश्न म्हणजे कृती) वेगळ्या. निरोपात या दोन्हींची सरमिसळ आहे. खाली जे आहे ते तृतीय भाषेबद्दल: लेखी ८० गुण, शाळेकडचे अंतर्गत २० गुण.

निबंधांचं आधी उरकू. तृतीय भाषेच्या कृतिपत्रिकेत निबंधाचा प्रश्नच नाही. लेखनाचे २० गुण आहेत ते असे: पत्र ५, संवाद किंवा भाषण ५, माहितीचं रूपांतर (तक्त्यावरून परिच्छेद किंवा उलट) ५, आणि बातमी फुलवणे किंवा कथा पूर्ण करणे ५. निबंध पाठ करण्यात गेलेला आठवडा यांपैकी फक्त भाषणाला थोडाफार उपयोगी पडतो, तेही सुरुवातीचं संबोधन आणि शेवटचे आभार वेगळे शिकले तर.

पत्रं पाठ करण्यातही खोट आहे. पत्राच्या प्रश्नात एखादी जाहिरात, सूचना किंवा मुद्द्यांची चौकट दिलेली असते आणि पत्र त्यावर बेतायचं असतं. समजा चौकटीत पोहण्याच्या शिबिराच्या तारखा, वयाची अट, शुल्क आणि संपर्काची वेळ आहे. पाठ केलेल्या ‘शिबिराची माहिती मागवणाऱ्या पत्रा’त यातलं काहीच येत नाही, आणि मजकुराचे गुण जातात. पाठ करायची ती फक्त मांडणी: पत्ता, तारीख, औपचारिक पत्रात समोरच्याचं पद आणि पत्ता, विषयाची ओळ, संबोधन, दोन-तीन छोटे परिच्छेद, समारोप. सगळं डाव्या कडेला. मग वेगवेगळ्या चौकटी घेऊन हीच मांडणी भरायची. खाली नाव लिहिताना प्रश्नात दिलेलं नाव लिहा. स्वतःचं किंवा शाळेचं नाव उत्तरपत्रिकेत कुठेच येता कामा नये, आणि पाठ केलेल्या पत्रात नेमकं तेच हातून लिहिलं जातं.

आता पाठ्यपुस्तक. पाठांवरचे उतारे १०-१० गुणांचे दोन, म्हणजे २०, आणि कवितेचे १०. ८० पैकी ३० गुण पुस्तकातल्या मजकुरावर आहेत. निरोपवाल्यांचा युक्तिवाद असा की उतारा तर छापूनच येतो, मग पुस्तक कशाला? छापून येतो हे खरं. पण त्यावरच्या कृती दरवेळी बदलतात. अपेक्षित संचात ज्या उताऱ्यावर चूक-बरोबर विचारलं आहे, त्याच उताऱ्यावर परीक्षेत घटनाक्रम लावायला येतो. पाठ एकदा संपूर्ण वाचलेला असेल तर उतारा डोळ्यासमोर आल्यावर तो कुठून आला, आधी काय झालं, कोण बोलतंय हे लगेच कळतं आणि वाचनाची चार-पाच मिनिटं वाचतात. कवितेचं रसग्रहण तर पुस्तकाशिवाय होतच नाही. कवीचं नाव, यमकाची रचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना, एवढं प्रत्येक कवितेसाठी अर्ध्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवा. पुस्तक हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं.

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत मिळणारे सराव संच वाईट नाहीत. त्यांतली उत्तरं न वाचता कृती सोडवल्या तर ते उत्तम. जुन्या कृतिपत्रिका घेताना मात्र वर्ष बघा. मार्च २०१९ ची कृतिपत्रिका १०० गुणांची होती, कारण त्या वर्षी अंतर्गत गुण नव्हते. २०२० पासून पुन्हा ८० अधिक २० झाले. २०२१ ला लेखी परीक्षा झालीच नाही. २०२२ ला अभ्यासक्रम २५ टक्के कमी होता आणि वेळ जास्त होता. त्यामुळे वेळ लावून सराव करायला २०२३ आणि त्यापुढच्या कृतिपत्रिका सर्वांत जवळच्या.

‘व्याकरण पाच-सहा गुणांचं’ हा आकडा कुठून आला ते कळतं. तीन उताऱ्यांखाली व्याकरणाची एकेक कृती असते, प्रत्येकी २ गुण, म्हणजे ६. पण पहिला प्रश्न संपूर्ण भाषेचा आहे, १० गुणांचा. शिवाय प्रत्येक उताऱ्याखाली शब्दसंपत्तीचे २, म्हणजे आणखी ६. बेरीज २२ होते. हे २२ सोडून द्यायला सांगणारा निरोप त्याच दमात ७० पार नेतो.

पहिला प्रश्न तर सर्वांत कमी कष्टात पूर्ण गुण देणारा. शब्द वर्णक्रमाने लावा: ‘कंटिन्यू, कंटेस्ट, कंटेन, कंटेंट’. पहिली चार अक्षरं सी-ओ-एन-टी, चारही शब्दांत सारखी. पाचव्या अक्षरावर ‘कंटेन’ए ने पहिला येतो आणि ‘कंटिन्यू’आय ने शेवटी जातो. उरलेल्या दोघांत पाचवं अक्षरही ई च. सहाव्यावर एन आणि एस, म्हणून ‘कंटेंट’ आधी, ‘कंटेस्ट’ नंतर. मुलं पाचव्या अक्षरापाशी थांबतात आणि अंदाज करतात, तिथेच गुण जातो. शब्दसाखळीत नामं मागितली असतील तर नामंच हवीत. ‘टेबल’चं शेवटचं अक्षर ई, त्यावरून ‘ईझी’ लिहिलं की साखळी तुटली, कारण ते विशेषण. इंग्रजीत ई आणि वाय वर संपणारे शब्द फार, म्हणून ई ची पाच-सहा नामं (एग, अर्थ, इंजिन, इव्हनिंग, एनर्जी) आणि वाय ची तीन-चार (यार्ड, इयर, यूथ) स्पेलिंगसकट तयार ठेवा. एका मोठ्या शब्दातून छोटे शब्द काढताना प्रत्येकात किमान तीन अक्षरं लागतात, आणि मूळ शब्दात नसलेलं अक्षर चालत नाही. ‘एक्झामिनेशन’मधून ‘मेन’, ‘टीम’, ‘नोट’, ‘नेशन’ निघतात. ‘ट्रेन’ निघत नाही, कारण त्यात आर आहे आणि मूळ शब्दात तो नाही.

उताऱ्याखालच्या व्याकरणात चुका ठरलेल्या असतात. अधोरेखित भाग उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करताना ‘व्हेअर डिड ही वेंट’ लिहिलं जातं. डिड आलं की पुढे क्रियापद मूळ रूपात, म्हणून ‘व्हेअर डिड ही गो’. ‘नो सूनर’ने वाक्य सुरू केलं की हाच नियम पुन्हा: ‘नो सूनर डिड ही रीच’, आणि पुढच्या भागात ‘दॅन’, ‘व्हेन’ नव्हे. ‘नेव्हर’ असलेल्या वाक्याच्या शेवटचा छोटा प्रश्न होकारार्थी येतो. असे आठ-दहा रचनाप्रकार पुन्हा पुन्हा विचारले जातात. दिवसाला एक प्रकार, त्याची दहा वाक्यं, एवढ्याने बसतो. जाड व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून करायची गरज नाही, एवढं निरोपाच्या बाजूने मान्य.

न पाहिलेला उतारा १० गुणांचा आणि त्याच उताऱ्याचा सारांश ५ गुणांचा. १५ गुण नशिबावर सोडायचे? तयारी होत नाही हा समज मुळात उताऱ्यातला प्रत्येक शब्द कळायला हवा या भीतीतून आला आहे. आधी कृती वाचा, मग उतारा, मग पुन्हा कृती. शब्द अडला तर आजूबाजूच्या वाक्यावरून अर्थ लावा आणि पुढे चला. प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांकाखेरीज काही लिहायचं नसतं, म्हणून घरी सराव करतानाही ओळींखाली रेघा मारायची सवय लावू नका.

सारांशात सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे उताऱ्याच्या पहिल्या चार ओळी उतरवणे. १८० शब्दांचा उतारा असेल तर साधारण ६० शब्दांत, म्हणजे एक-तृतीयांशात, सगळ्या उताऱ्याचा आशय यायला हवा. प्रत्येक परिच्छेदाचा एक मुद्दा काढा. उदाहरणं, आकडे, कुणाचे उद्गार वगळा. उरलेले मुद्दे स्वतःच्या वाक्यात जोडा आणि शीर्षक द्या. शीर्षक विसरणारी मुलं दरवर्षी असतात. सरावासाठी इंग्रजी वर्तमानपत्रातली १५०-२०० शब्दांची शहराची बातमी रोज एक पुरते.

आता निरोपातला सर्वांत घातक भाग: चौकटी काढू नका, रंगीत पेन वापरा, दोन उत्तरं लिहा. या तिन्हींचं उत्तर कृतिपत्रिकेच्या पहिल्याच पानावर, सर्वसाधारण सूचनांत छापलेलं असतं. जाळं, ओघतक्ता, तक्ता हे जसे दिले आहेत तसेच काढून त्यांत उत्तरं लिहायची. आकृती न काढता नुसते शब्द लिहिले तर गुण नाहीत. रंगीत पेन-पेन्सिलींना परवानगी नाही, निळं किंवा काळं पेन. एकाच कृतीला एकापेक्षा जास्त उत्तरं लिहिली तर ती चूक धरली जातात. उत्तरं पूर्ण वाक्यांत हवीत आणि प्रश्नांचा क्रम पाळायचा.

हे नियम कळले की सराव कसा करायचा तेही कळतं. मधल्या गोलात विषय आणि भोवती चार रिकामे गोल असं जाळं असेल तर उत्तरपत्रिकेवर मधला गोल, त्यातले शब्द, चारही रेघा आणि चारही गोल काढायचे. गोल कंपासने किंवा नाण्याने आखत बसायची गरज नाही, हाताने काढलेला लांबट गोल चालतो. पूर्ण जाळ्याला दीड मिनिट पुरतं. चूक-बरोबरच्या कृतीत ‘१-चूक, २-बरोबर’ असं न लिहिता वाक्य उतरवून पुढे उत्तर लिहा. शंका असेल तर एक उत्तर निवडा आणि दुसरं एका आडव्या रेघेने स्पष्ट खोडा. गिरगटलेलं आणि न खोडलेलं उत्तर दोन उत्तरं म्हणूनच मोजलं जायची भीती असते.

माहितीच्या रूपांतरातही हेच. समजा पुणे मेट्रोचा छोटा तक्ता दिला: जांभळी मार्गिका पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट, ॲक्वा मार्गिका वनाझ ते रामवाडी, दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकावर मिळतात. यावर परिच्छेद लिहायचा तर शीर्षक हवं, तक्त्यातली प्रत्येक नोंद यायला हवी, आणि दोन मार्गिकांची तुलना करणारं निदान एक वाक्य हवं. मेट्रोमुळे वाहतूक कोंडी कशी कमी झाली यावर स्वतःचं मत लिहायची ही जागा नव्हे. ते मत शोभतं ते उताऱ्याखालच्या वैयक्तिक प्रतिसादाच्या २ गुणांना. आणि गंमत अशी की तिथे मुलं मत न लिहिता उताऱ्यातली वाक्यं उतरवतात.

पानांच्या वजनाबद्दल फार लिहायला नको. गुण मुद्द्यांना आहेत. २ गुणांच्या वैयक्तिक प्रतिसादाला तीन-चार वाक्यं पुरतात: आधी मत, मग कारण, मग एखादं उदाहरण. पानभर लिहिल्याने २ चे ३ होत नाहीत, उलट शेवटच्या प्रश्नांचा वेळ जातो. शेवटी येतं भाषांतर, ५ गुणांचं, मराठीत करायचं, पाच मिनिटांचं काम. पुरवण्या भरणाऱ्या मुलांचं नेमकं तेच राहतं.

पेपर तीन तासांचा, आणि अलीकडे शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात, म्हणजे ११ ते २ वाजून १० मिनिटं. त्यांची वाटणी अशी करून बघा: पहिला प्रश्न १५ मिनिटं, पाठांचे दोन उतारे ४०, कविता २०, न पाहिलेला उतारा आणि सारांश ३५, पत्र व संवाद किंवा भाषण ३०, रूपांतर आणि बातमी किंवा कथा २५, भाषांतर ५. एकूण १७०. राहिलेल्या २० मिनिटांत कृतींचे क्रमांक, सुटलेली शीर्षकं, वाक्याच्या सुरुवातीचं मोठं अक्षर आणि शेवटचा पूर्णविराम तपासायचा.

कोरं सोडू नका हे खरं, कारण चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पण ‘काहीही लिहा’ असा त्याचा अर्थ नाही. बातमी सुचत नसेल तरी दिलेला मथळा उतरवा, खाली ‘पुणे, ५ मार्च’ अशी स्थळ-तारखेची ओळ घाला, आणि काय घडलं, कुठे, कधी, कुणाच्या बाबतीत एवढी दोन साधी वाक्यं लिहा. मांडणीचे आणि पहिल्या परिच्छेदाचे गुण तेवढ्यावर मिळू शकतात. कथेत सुरुवात दिली असेल तर ती उतरवून भूतकाळात चार वाक्यं पुढे न्या आणि शीर्षक द्या.

पंधराच दिवस हातात असतील तर एक दिवसाआड एक पूर्ण कृतिपत्रिका, सकाळी ११ वाजता, पेनाने, आकृत्यांसकट, घड्याळ लावून सोडवा. मधल्या दिवशी तिच्यातल्या चुका आणि त्या चुकांशी जोडलेला एक व्याकरणप्रकार. पहिल्या दोन कृतिपत्रिका वेळेत पूर्ण होणार नाहीत. कोणता प्रश्न ठरल्यापेक्षा किती मिनिटं जास्त खातो ते समासात लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तिथूनच वेळ काढा.