लोहाच्या गोळ्या बंद करू नका : माझ्याच पोस्टबद्दल खुलासा

जंतू आपलं लोह कसं पळवतात, यावर मी मागच्या आठवड्यात चार ओळी टाकल्या होत्या. त्यांना कुणीतरी शेपूट जोडलं : ‘लोहाच्या गोळ्या म्हणजे जंतूंचा खुराक, गरोदर बायकांनी ताबडतोब बंद कराव्यात.’ हे आता नाशिकभर फिरतंय. काल पंचवटीत एका ताईंनी लाल गोळ्यांचं अर्धं पाकीट साखरेच्या डब्यामागून काढून दाखवलं. ते शेपूट माझं नाही, आणि खरंही नाही.

जंतूंना लोह लागतं, हे बरोबर. पण शरीर ते मोकळं सोडत नाही. रक्तात ट्रान्सफेरिन हे प्रथिन त्याला धरून ठेवतं. मग ई. कोलाय हा जंतू एन्टेरोबॅक्टिन नावाचा रेणू सोडतो, तो लोह घट्ट पकडून जंतूकडे परततो. आपल्या पांढऱ्या पेशी लिपोकॅलिन-२ हे प्रथिन सोडून त्याला वाटेतच अडवतात. साल्मोनेला हा दुसरा जंतू त्याच रेणूला साखर चिकटवून या अडवणुकीतून निसटतो. चोरावर मोर! शिवाय संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक वाढवतं आणि त्यामुळे आतड्यातून लोह शोषणं आपोआप कमी होतं.

गरोदरपणात रोज ६० मिलिग्रॅम लोह, निदान १८० दिवस, हे सरकारी कार्यक्रमातलं प्रमाण आहे. रक्त कमी असणं आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं. गंभीर संसर्गात डॉक्टर कधी लोह, विशेषतः शिरेतून दिलं जाणारं, थांबवतात. पण तो निर्णय त्यांचा.

गोळ्यांबद्दल मी तेव्हाच लिहायला हवं होतं, ही माझी चूक. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलात त्यांना हा पाठवा.